भीमगडावर ड्रोन उडवायचा होता : माझा अनुभव

आमच्या मंडळाला भीमगडाची फिल्म करायची होती. गड कर्नाटकात, बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात, पण सगळा अभयारण्याच्या आत. मित्राकडे अडीचशे ग्रॅमच्या आतला, म्हणजे नॅनो ड्रोन होता. "एवढ्याशा खेळण्याला कसली परवानगी?" असं जो तो सांगायचा.

२०२१ च्या ड्रोन नियमांत नॅनोला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, हे खरं. पण नोंदणी करून यूआयएन, म्हणजे ड्रोनचा स्वतःचा ओळख नंबर, घ्यावाच लागतो. फी शंभर रुपये. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवर ते काम झालं. मग ड्रोन कुठं उडवता येतो हे रंगांनी दाखवणारा नकाशा बघितला. बेळगावात सांबऱ्याचा एअरपोर्ट, कॅम्पात लष्कर, तिथं ड्रोन काढायचा विचारही करू नये. हिरव्या झोनमध्ये मात्र ४०० फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही, म्हणून मंडळातली पोरं खूश झाली.

ती खुशी फॉरेस्टच्या ऑफिसात उतरली. तिथले साहेब शांतपणे म्हणाले, "आकाश दिल्लीचं, जंगल आमचं." नकाशा हिरवा असला तरी अभयारण्यात पाऊल टाकायला, फोटो काढायला परवाना लागतो. वन्यजीव कायदा १९७२, कलम २७ आणि २८. नॅशनल पार्कलाही हीच कलमं लागू, त्यामुळं पलीकडच्या अणशीला किंवा मोलेला गेलो तरी सुटका नाही. ड्रोनचा निर्णय तर बेंगळूरला, मुख्य वन्यजीव वॉर्डनकडे.

अर्ज कन्नडमधून दिलेला बरा, असं सुचवलं गेलं. आमच्यातले बहुतेक मराठी शाळेतले. शेवटी मामेभावाला बसवलं, तो कन्नड मीडियमचा. अर्जात यूआयएन, ड्रोनचं वजन, तारखा, कुठून उडवणार, किती वेळ, फिल्म विकणार का, सगळं घातलं. विकणार नाही हे स्पष्ट लिहिलेलं बरं, कमर्शियल शूटिंगची गोष्ट वेगळी.

साहेबांनी विचारलं, "बारापेडे गुहा माहीत आहे का?" नाव ऐकलं होतं, याच जंगलात आहे ती. तिथं राटन नावाचं दुर्मीळ वटवाघूळ राहतं, जगात मोजक्याच ठिकाणी सापडलेलं. संध्याकाळी ती बाहेर पडतात, आणि आम्हाला नेमका संध्याकाळचाच उजेड हवा होता! घरट्यावर बसलेल्या पक्ष्याला तर वरून भिरभिरणारी वस्तू ससाण्यासारखीच वाटणार. हे ऐकल्यावर वाद घालायची माझी तरी इच्छा राहिली नाही. मंडळातल्या काहींना अजून वाटतं की गड आपला, मग विचारायचं कशाला. मला ते पटत नाही.

बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं : हातातल्या कॅमेऱ्याला हो, सोबत वनरक्षक हवा, ड्रोनला नाही. फिल्म तशीच केली. डोंगररांगेच्या पलीकडच्या उतारासाठी राज्य वेगळं, वॉर्डन वेगळा. तो अर्ज आता पणजीला गेलाय.