आमची वाटचाल : आधी सफाई, मग सोल्डर

सत्तरच्या दशकातले स्टिरीओ रिसीव्हर (रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर एकत्र असलेले संच) पुन्हा वाजते करणं हा आमचा धंदा. २०१४ मध्ये पुण्यातल्या राहत्या घरी, मागच्या खोलीत तो सुरू झाला. त्याआधी मी टीव्ही दुरुस्त करायचो. पण सपाट पडद्यांचे टीव्ही आले आणि दुरुस्ती म्हणजे अख्खा बोर्ड बदलणं एवढंच उरलं. त्यात माझं मन रमेना.

त्याच सुमारास ओळखीच्या एका काकांनी आखातातून आणलेला पायोनियर एसएक्स-७८० माझ्याकडे ठेवला. एकेका चॅनेलला ४५ वॅटचा दणकट संच. पण एक बाजू मुकी, आणि व्हॉल्यूम फिरवला की नुसती खरखर. "आता नवीनच घ्या," असं त्यांना बाहेर सांगितलं होतं. उघडून पाहिलं तर आत धुळीचा थर, व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये साचलेला मळ आणि स्पीकर रिलेचे (स्पीकर आपोआप जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) काळवंडलेले कॉन्टॅक्ट. एकही भाग न बदलता दोन्ही बाजू वाजल्या. आमची पद्धत तिथेच ठरली.

वर्षानुवर्षं बंद असलेल्या संचाला आम्ही थेट वीज देत नाही. १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावतो. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. तसाच लख्ख राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. (हे बल्ब हल्ली सहज मिळत नाहीत, म्हणून सौ.ने खोकं भरून ठेवले आहेत.) मग प्लग काढायचा, मोठे कॅपॅसिटर (वीज साठवून ठेवणारे भाग) डिस्चार्ज करायचे, आणि मऊ ब्रश व ब्लोअर घेऊन धूळ काढायची. कंट्रोलच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा अगदी छोटा फवारा मारून खुंटी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहायची. गंज काढायचा साधा स्प्रे इथे चालत नाही. त्याने आतलं ग्रीस धुऊन जातं आणि काही महिन्यांत खरखर परत येते.

डायलची काच सौ.च्याच हातची. काचेच्या मागच्या बाजूला आकडे छापलेले असतात. अल्कोहोल लागलं की ते कापडावर उतरतात आणि पुन्हा मिळत नाहीत. त्यामुळे ती बाजू फक्त हलकी झटकायची.

जपानी संचांत आणखी एक दुखणं असतं. कॅपॅसिटर हलू नयेत म्हणून कारखान्यात लावलेला फिकट गोंद कालांतराने तपकिरी होतो आणि शेजारच्या तारा खायला लागतो. तो बांबूच्या काडीने खरवडून काढायला कधी अख्खी दुपार जाते, पण ते टाळून संच परत देणं मला पटत नाही. सरसकट सगळे कॅपॅसिटर बदलणंही पटत नाही. मोजावं आणि जो खराब निघेल तोच बदलावा.

२०२० च्या टाळेबंदीत लोकांनी माळे आवरले आणि आमचा फोन थांबेना. कोकणातून खाऱ्या हवेने हिरवे पडलेले संच आले. अमेरिकेतून परतलेल्या कुटुंबांचे १२० व्होल्टवर चालणारे संच आले. काही थेट २३० वर लावून जळालेले. या अमेरिकी संचांचा एफएमही इथे जरा दबलेला वाटतो. तिकडे डी-एम्फसिस (प्रक्षेपणात मुद्दाम वाढवलेले बारीक सूर रिसीव्हरमध्ये पुन्हा कमी करणं) ७५ मायक्रोसेकंदाचा असतो, आपल्याकडे ५० चा. त्या जागचे छोटे कॅपॅसिटर मूळ मूल्याच्या दोन तृतीयांश बसवले की विविध भारती मोकळी वाजते.

मग खोली पुरेना. शेजारचा गाळा घेतला, आयटीआय झालेली दोन मुलं हाताशी आली. त्यांना मी पहिल्यांदा शिकवतो ते स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी (स्पीकर जाळू शकणारा एकदिश दाब) मोजायला. तो शून्याजवळ नसेल तर ग्राहकाचे स्पीकर जोडायचे नाहीत, कितीही घाई असली तरी.

सुटे भाग मात्र दरवर्षी अवघड होत चाललेत. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत साधे कॅपॅसिटर उत्तम मिळतात, पण जुन्या क्रमांकाचे पॉवर ट्रान्झिस्टर (स्पीकरला ताकद देणारे भाग) म्हणजे बऱ्याचदा नकली, नुसता वरचा छाप. फोडून पाहिलं तर आतली चिप नखाएवढीही नसते. एसएक्स-७८० मधले एसटीके-००५० हे तयार पॉवर मॉड्यूल आता बनतच नाहीत. म्हणून आम्ही बंद पडलेले संचही विकत घेतो. घरात असा एखादा असेल तर भंगारात देण्याआधी आम्हाला जरूर विचारा.