शाहूपुरीतलं चर्च आणि जॉर्जियाचा तुरुंग

कोल्हापुरात चर्च बघायला कोण जातं? अंबाबाई, रंकाळा, भवानी मंडप, रात्री तांबडा-पांढरा आणि निघताना चपला. हे सगळं मीही केलंच, पांढरा रस्सा तर परत परत मागून घेतला. पण या खेपेला मुद्दाम बघायचं होतं ते न्यू शाहूपुरीतलं वायल्डर मेमोरियल चर्च.

रविवारची उपासना नुकतीच सुटली होती. आवारात घोळके करून गप्पा चाललेल्या. एका काकांनी हटकलं, "कुठनं आलासा?" पुण्याहून आलोय, वायल्डरसाहेबांचं चर्च बघायला, असं सांगितल्यावर म्हणाले, "आधी च्या घ्या, मग इतिहास."

रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 मध्ये कोल्हापुरात आले. त्याआधी ते अहमदनगरला अमेरिकन बोर्डाच्या, म्हणजे परदेशी मिशनरी धाडणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेच्या, मिशनमध्ये होते. पुढे बोर्डाशी त्यांचं बिनसलं, काही वर्षं त्यांनी इथलं काम स्वतंत्रपणे चालवलं आणि 1870 मध्ये ते प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनकडे गेलं. काकांना हे सगळं तोंडपाठ होतं. माझं कुतूहल मात्र बोर्डाच्या अमेरिकेतल्या उद्योगांबद्दल जास्त होतं, आणि चहा होईपर्यंत मीच बोलत राहिलो.

याच बोर्डाची माणसं 1813 मध्ये मुंबईत उतरली आणि 1817 मध्ये अमेरिकेतल्या चेरोकी आदिवासींच्या मुलखात गेली. चेरोकींची जमीन जॉर्जिया राज्याला हवी होती. तेव्हा बोर्डाचे सचिव जेरेमाया एव्हर्ट्स यांनी 1829 मध्ये टोपणनावाने लेखांची मालिकाच लिहिली. तुम्ही या लोकांशी करार केले आहेत, ते पाळा, हा त्यांचा धोशा. चेरोकींमध्ये राहणारा मिशनरी सॅम्युअल वूस्टर त्यांच्या लिपीत वर्तमानपत्र निघावं म्हणून खटपट करत होता. जॉर्जियाने कायदा केला: चेरोकी मुलखात राहायचं तर गोऱ्या माणसाने राज्याशी निष्ठेची शपथ घ्यायची आणि परवाना काढायचा. वूस्टरने नकार दिला. शिक्षा झाली चार वर्षं सक्तमजुरीची. बरोबरच्या बहुतेकांनी माफी पत्करली. वूस्टर आणि एलिझर बटलर मात्र तुरुंगात राहिले.

3 मार्च 1832 ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की चेरोकी मुलखात जॉर्जियाचा कायदा चालत नाही. गंमत बघा, हा निकाल लिहिणारे सरन्यायाधीश मार्शलच 1823 मध्ये लिहून बसले होते की जो युरोपीय देश भूमी 'शोधतो', तिच्यावर मालकी त्याची! जॉर्जियाने निकाल जुमानला नाही. आणि इथेच बोर्डाचं पाणी ओसरलं. त्यांनी आपल्या दोन्ही माणसांना लढा सोडण्याचा सल्ला दिला, आणि जानेवारी 1833 मध्ये ते सुटले. 1838-39 मध्ये चेरोकींना सैन्याच्या पहाऱ्यात पश्चिमेला हाकललं गेलं. वाटेत आणि छावण्यांत मिळून सुमारे 4,000 माणसं दगावली, असं सांगतात.

मला बोर्डाचा राग येतो तो इथे. निकाल हातात होता. देशात फूट पडेल या भीतीने कच खाल्ली. जोखीम मात्र चेरोकींची होती, बोर्डाची नव्हे.

काकांनी विचारलं, "मग पुढं कुणी माफी तरी मागितली का?" मागितली. अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्चने 2016 च्या महासभेत मूळ रहिवाशांची माफी मागितली, आदिवासी मुलांना घरादारापासून तोडणाऱ्या निवासी शाळांसाठीसुद्धा. वूस्टरचा खटलाही अजून निवलेला नाही. 2022 मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने, आदिवासी मुलखात राज्याचा कायदा चालत नाही हा 1832 चा विचार आता मागे पडलाय असं म्हटलं, तर न्यायमूर्ती गॉर्सच यांनी विरोधी मत लिहिताना सुरुवातच वूस्टरच्या अटकेपासून केली. काका एवढंच म्हणाले, "म्हणजे केस चालूच हाय की."

दुसऱ्या दिवशी कसबा बावड्याला लक्ष्मी-विलास पॅलेस पाहिला. हे शाहू महाराजांचं जन्मस्थान. रिक्षावाल्याने बाहेर थांबून घाई चालवली होती, त्यामुळे निवांत बघता आलं नाही. पण डोक्यात कालचाच विषय होता. इंग्रजांच्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमाती जन्मतःच चोर ठरवल्या. महाराजांनी फासेपारध्यांना जवळ केलं, राहायला जागा दिली, पहाऱ्याचं काम दिलं. चोर ठरवलेल्यांच्या हाती राखण! 1918 मध्ये संस्थानातली हजेरीची पद्धतही, म्हणजे या जमातींच्या माणसांनी सरकारी माणसापुढे नेमाने हजर व्हायची सक्ती, त्यांनी बंद केली. राजा होते म्हणून त्यांना जमलं, हे खरं. एव्हर्ट्सकडे फक्त लेखणी होती. पण राजे तेव्हा पुष्कळ होते.

कोल्हापूरच्या हद्दीबाहेर मात्र हा कायदा चालूच राहिला. तो गेला 31 ऑगस्ट 1952 ला. तोवर महाराजांना जाऊन तीस वर्षं झाली होती.