आमच्या १९५१ च्या शेव्हरोलेला हेडर बसवले, माझा अनुभव

आमच्याकडं आजोबांची शेव्हरोले ३१०० पिकअप आहे, १९५१ ची. एकेकाळी तिच्यातूनच जालन्याच्या मोंढ्यात कापूस जायचा. शेव्हरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सची मुंबईतली असेंब्ली १९५४ लाच बंद झाली, तवा पार्टसाठी हिंडणं आमच्या घरात पिढीजातच म्हणा. इंजिन २१६ क्युबिक इंच, म्हणजे साडेतीन लिटर, सरळ सहा सिलेंडर. तिचं एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सगळ्या सिलेंडरांचा धूर गोळा करणारा ओतीव नळ, तडकलं, वेल्डिंग मारलं तर पुन्हा तिथंच फाटलं, मग ठरवलं की आता त्याच्या जागी हेडरच, म्हणजे वेल्डिंग केलेल्या पाइपांचा संच, करायचे. अमेरिकेत तयार मिळतात पण भाडं अन् कस्टम धरून आकडा बघितला अन् सरळ वाळूजला एका फॅब्रिकेशनवाल्या चाचांकडं गेलो.

या इंजिनला हेडर का शोभतात ते सांगतो. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलेंडर पेटायचा क्रम, १-५-३-६-२-४. पुढच्या तीन सिलेंडरचा एक पाइप अन् मागच्या तिघांचा दुसरा केला की एक ठोका पुढून, एक मागून, असं आळीपाळीनं येतं अन् दोन्ही पाइपांत ठोक्यांचं अंतर एकसारखं राहतं. आवाज म्हणूनच इतका भरीव येतो. शिवाय एक्झॉस्ट डाव्या अंगाला अन् आपल्याकडं स्टेअरिंग उजव्या अंगाला, त्यामुळं पाइप खाली उतरवायला जागाच जागा.

मॅनिफोल्ड धरणारे जुने स्टड (बिनडोक्याचे बोल्ट) गंजून बसलेले. गॅसनं तापवायचे, मेणबत्तीचं मेण लावायचं, ते आटेत उतरतं, मग पाना मागं-पुढं हलवत हलवत काढायचे. घाई केली की स्टड हेडमधीच तुटतो.

खरी मारामारी फ्लँजची, म्हणजे पाइप इंजिनाला टेकतात त्या सपाट पट्टीची. या इंजिनात इनटेक (हवा-पेट्रोल आत नेणारा नळ) अन् एक्झॉस्ट एकाच बाजूला, अन् मधल्या स्टडवरचे क्लॅम्प दोघांनाही एकदमच दाबतात. हेडरची पट्टी इनटेकच्या फ्लँजपेक्षा जराशी जरी पातळ राहिली तरी क्लॅम्प तिरका बसतो, मग एकतर एक्झॉस्ट फटफट करतं नाहीतर इनटेक हवा ओढतं अन् आयडलिंग कधीच ठरत नाही. चाचांनी व्हर्निअर लावून इनटेक मोजला अन् म्हणले, "पट्टी जाडच घेऊ बेटा, घासून कमी करता येती, वाढवता येत नाही." पट्टी जाड प्लेटला बोल्टनं आवळूनच वेल्डिंग केलं, तरी थोडी वाकलीच, ती वाकतेच. नंतर सरफेस ग्राइंडरवर घासून इनटेकच्या जाडीला आणली, वर सरळ धारेची मोजपट्टी ठेवून खाली फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घालून बघितलं तर कुठंच शिरेना, तवाच गॅस्केट (सांध्यातली गळती रोखणारं पॅकिंग) उघडलं.

जुन्या मॅनिफोल्डची ऊब इनटेकच्या पोटाला मिळायची, ती आता गेली. तिथं खाली एक प्लेट ठोकून तोंड बंद केलं. थंड मुलखात लोक त्या प्लेटमधून गरम पाणी फिरवतात, आपल्या उन्हाळ्याला त्याची गरज नाही. डिसेंबरात पहाटे चोक जरा जास्त वेळ ओढून धरावा लागतो, एवढंच.

आवळताना मधून सुरू करून बाहेर जायचं, थोडं थोडं. इंजिन तापवायचं, पूर्ण थंड होऊ द्यायचं, पुन्हा आवळायचं. हे टाळू नका, नवं गॅस्केट बसतं तसे नट ढिले होतात. नंतर प्लग काढून बघितले तर पांढरट, म्हणजे पेट्रोल कमी पडत होतं, कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा मेन जेट एक नंबर मोठा टाकला तवा प्लग चॉकलेटी आले.

गाडी मोकळी झालीय हे दौलताबादच्या घाटात लगेच कळलं, तिसऱ्या गिअरवरच चढती. पण या इंजिनात बॅबिट (मऊ धातूचे) बेअरिंग अन् पिस्टनच्या दांड्यांना तेल उडून मिळतं, म्हणून हेडर आले तरी आरपीएम ताणायचा नाही. अन् दोन्ही पाइपांना सायलेन्सर ठेवलेत, नुसत्या पाइपावर गावातून फिरवणं मला पटत नाही.

आता वॉटर पंप काढायचाय. कुणाकडं २१६ चा जुना पंप पडून असंल तर कळवा, नुसती बॉडी असली तरी चालंल.