न नासलेला कॅन

संकलनप्रमुखांच्या सादरीकरणात ३४ स्लाइड होत्या आणि हाताशी वेळ होता २० मिनिटं. विषय होता ‘दूध संकलन व्यवस्थेचे बळकटीकरण’. नऊ दिवसांनी ते संचालक मंडळापुढे मांडायचं होतं. पश्चिम महाराष्ट्रातली एक खासगी डेअरी, तिचे सात विभागप्रमुख आणि सादरीकरण शिकवायला मी घेतलेली दोन दिवसांची कार्यशाळा. पहिला दिवस आवाज, उभं राहणं, नजर यांच्या सरावात गेला. त्याबद्दल विशेष सांगण्यासारखं काही नाही. जे घडलं ते दुसऱ्या दिवशी.

सकाळी लॅपटॉप बंद करून बाजूला ठेवायला सांगितले आणि प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी दिली. प्रश्न एकच: बैठक उठेल तेव्हा संचालकांनी नेमकं काय ठरवलेलं असायला हवं? उत्तर १५ शब्दांच्या आत आणि क्रियापदासकट. क्रियापदाचा आग्रह मी सोडत नाही, कारण त्याच्याशिवाय नुसतं शीर्षक तयार होतं. सातपैकी सहा चिठ्ठ्यांवर शीर्षकंच आली: बळकटीकरण, सक्षमीकरण, आढावा, दिशा. बळकटीकरणाला कोणी नाही म्हणत नाही, पण त्यासाठी पैसेही कोणी मंजूर करत नाही. संकलनप्रमुखांची चिठ्ठी तीनदा परत गेली. चौथ्या वेळी तिच्यावर लिहिलेलं होतं: ‘नऊ गावांत २००० लिटरचे नऊ बल्क कूलर बसवायला १ कोटी ८ लाख रुपये मंजूर करावेत.’ बल्क कूलर म्हणजे गावातच दूध थंड करणारी मोठी टाकी. रकमेत जनरेटर आणि खोलीचं काम धरलेलं होतं. बावीस वर्षं या कामात असलेल्या माणसाला हे वाक्य येत नव्हतं असं नाही. मागणी इतकी उघड करायची नसते असं त्यांना वाटत होतं.

मग गोष्ट. गोष्टीची बांधणी शिकवताना मला बाहेर जावं लागत नाही. महानुभावांच्या ‘दृष्टांतपाठा’त चक्रधरस्वामींचे दृष्टांत केसोबासांनी ज्या घडणीत बांधले, ती मराठीत सातशे वर्षांपासून आहे: आधी सूत्र, मग दृष्टांत, शेवटी दार्ष्टांतिक. सूत्र म्हणजे सांगायचं ते. दृष्टांत म्हणजे घडलेली किंवा दिसणारी गोष्ट. आणि दार्ष्टांतिक म्हणजे त्या गोष्टीतलं काय आपल्या मुद्द्याला कुठे लागू पडतं त्याची जोडणी. अधिकाऱ्यांच्या सादरीकरणात बहुतेक वेळा चुकतं ते हे तिसरं. गोष्ट रंगते, लोक ऐकतात, पुढची स्लाइड येते आणि गोष्टीचा धागा तिथेच सुटतो. ऐकणाऱ्याला गोष्ट आवडलेली असते, पण तिचं करायचं काय ते कळत नाही.

चिठ्ठीवरचं वाक्य सूत्र झालं. दृष्टांतासाठी मी चारच प्रश्न विचारतो: कोण, कुठे, किती वाजता, हातात काय. ‘शेतकऱ्यांना अनेक अडचणी येतात’ या वाक्यात चारपैकी एकाचंही उत्तर नाही.

संकलनप्रमुख उभे राहिले आणि सांगू लागले. यंदाच्या एप्रिलमधली सकाळ, एका रूटची गाडी शीतकरण केंद्रावर पोचली, झाकणं उघडली तर अकरा कॅन नासलेले. एक वयस्क उत्पादक केंद्राच्या दारातच ढसाढसा रडला. सांगणं चांगलं होतं. खोली शांत झाली होती आणि खरेदी विभागाचे प्रमुख पुढे वाकून ऐकत होते.

अशा वेळी टाळ्या वाजवून पुढे जाणं सोपं असतं. पण मंडळापुढे जाणाऱ्या गोष्टीला तीन गोष्टी लागतात: तारीख, कागद आणि स्वतः पाहिलेला माणूस. म्हणून विचारलं, तारीख कोणती? नोंद कुठे असेल? रडलेल्या उत्पादकाला तुम्ही पाहिलंत?

त्यांनी लगेच केंद्रावर फोन लावला. वीस मिनिटांत आवक नोंदवहीच्या पानाचा फोटो मोबाइलवर आला. त्या दिवशी ७५ कॅन आले होते आणि नाकारलेले होते तीन. अकरा कॅन नासले ते आदल्या वर्षी, गाडी रस्त्यात बंद पडली त्या दिवशी. उत्पादक रडल्याचं त्यांनी ड्रायव्हरकडून ऐकलं होतं. ते खोटं बोलत नव्हते. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली की दोन दिवस एकमेकांत मिसळतात आणि मोठा आकडा टिकतो. त्यात फसवणूक नसते. पण मंडळात एखाद्या संचालकाकडे तीच नोंदवही असली, तर त्या एका आकड्याबरोबर उरलेले सगळे आकडेही पडतात.

हिशेब विभागाच्या प्रमुखांनी तिथेच गुणाकार केला. तीन कॅन, प्रत्येकी ४० लिटर, म्हणजे १२० लिटर. तीस रुपये दराने ३,६०० रुपये. मागणी १ कोटी ८ लाखांची. संकलनप्रमुख खाली बसले. “मग गोष्टच उरली नाही,” म्हणाले.

त्या क्षणी मलाही पुढची वाट दिसत नव्हती. ती दाखवली गुणवत्ता विभागाच्या मॅडमनी. सकाळपासून त्या फार बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, “साहेब, तीन कॅन परत केले, पण बहात्तर आपण घेतले ना? त्यांचं काय झालं ते विचारा.”

या प्रश्नासाठी थोडं मागे जावं लागेल. केंद्रावर कॅन उघडला की आधी वास, मग शंका आली तर उकळून पाहतात. दूध फाटलं तर नाकारायचं. पण न फाटलेलं दूध चांगलंच असतं असं नाही. त्यासाठी मिथिलिन ब्लूची चाचणी असते: दुधात निळा रंग टाकून नळी ३७ अंशांवर ठेवायची आणि रंग किती वेळात उडतो ते पाहायचं. जिवाणू जितके जास्त तितका रंग लवकर उडतो. पाच तास टिकला तर दूध फार चांगलं, अर्ध्या तासात उडाला तर निकृष्ट. मॅडमनी त्यांच्या प्रयोगशाळेची वही मागवली. त्या दिवशी त्या रूटच्या एकत्रित नमुन्याचा रंग उडाला होता एक तास दहा मिनिटांत. असं दूध ही डेअरी पिशवीत भरत नाही, भुकटीकडे वळवते. हिशेब विभागाने त्यांच्याच कागदांवरून फरक काढला: लिटरमागे अडीच रुपये.

तीन रूट, नऊ गावं, सकाळचं दूध ९,००० लिटर. दिवसाला २२,५०० रुपये. मार्च ते जून असे १२० दिवस धरले तर २७ लाख, दरवर्षी. संध्याकाळचं दूध यात धरलेलंच नाही. नासलेला कॅन सगळ्यांना दिसतो, त्याचा वास येतो, त्यावर भांडण होतं. न नासलेल्या कॅनवर कोणी बोलत नाही, आणि तोटा होता तो त्याच कॅनमध्ये. आता गोष्ट त्याचीच सांगायची होती.

फळ्यावर एक आडवी रेघ मारली आणि संकलनप्रमुखांना एकाच कॅनच्या मागे चालत जायला सांगितलं. त्यांना आठवावं लागलं नाही, ते नुसतं बोलत गेले आणि मी वेळा लिहीत गेलो. साडेपाचला धार काढली, दूध ३७ अंशांचं. सव्वासहाला पहिला उत्पादक गावातल्या संकलन केंद्रावर आला, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) लागलं, दूध कॅनमध्ये गेलं. सहा चाळीसला पाच-सहा घरांचं दूध मिळून कॅन भरला आणि झाकण लागलं. सात चाळीसला गाडी आली. आणखी दोन गावं. नऊ पंचावन्नला शीतकरण केंद्राचं फाटक, मग रांग. दहा वीसला कॅन रिकामा झाला. दहा पस्तीसला दूध चार अंशांवर.

फळ्याकडे पाहत ते स्वतःच म्हणाले, “पाच तास पाच मिनिटं.” आणि लॅपटॉप उघडून एकोणिसावी स्लाइड काढली. तिच्यावर लिहिलं होतं: ‘सरासरी वाहतूक कालावधी २ तास ४० मिनिटे’. आकडा बरोबर होता. सात चाळीस ते दहा वीस, तेवढाच. पण तक्त्यातलं घड्याळ गाडी सुटल्यावर सुरू होत होतं आणि दुधाचं घड्याळ धार काढल्यावर. मधले दोन तास दहा मिनिटं कोणत्याच स्लाइडवर नव्हती, कारण तो वेळ कोणत्याच विभागाचा नव्हता. वस्तूच्या मागे सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालत गेलं की असे सांधे उघडे पडतात. अधिकाऱ्यांनी गोष्ट सांगायला शिकावं असं मला वाटतं त्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे. समोरच्याचं लक्ष टिकतं ही त्यानंतरची बाब.

जेवणानंतर पाठांतराची नव्हे, गळतीची परीक्षा घेतली. सांगणाऱ्याने तीन मिनिटांत गोष्ट सांगायची. जोडीदाराने काहीही लिहून न घेता ती दहा मिनिटांनी दुसऱ्या जोडीला सांगायची. जे पोचलं ते ठेवायचं, जे गळलं ते काढायचं किंवा बदलायचं. संकलनप्रमुखांच्या गोष्टीतून पोचलं हे: साडेपाच, झाकण, रांग, दहा पस्तीस, निळा रंग. गळलं हे: तालुक्यांची नावं, एसएनएफचा आकडा, रूट क्रमांक आणि ‘शाश्वत’ हा शब्द. ते सगळं गेलं. ‘कूलरमुळे दूध गावातच तत्काळ थंड होईल’ या वाक्यातला ‘तत्काळ’ मॅडमनी काढायला लावला. कूलरमध्येही दूध चार अंशांवर यायला वेळ लागतो, फक्त थंड होणं गावातच, काही तास आधी सुरू होतं. हे दुरुस्त वाक्य जास्त पटणारं होतं.

स्लाइड सहा उरल्या. वेळांची रेघ. नोंदवहीच्या पानाचा फोटो, ७५ आणि ३ या आकड्यांभोवती गोल करून. तीन रूटचा नकाशा. चार ओळींचा हिशेब. कूलर बसल्यावरची वेळांची रेघ, पहिलीच्याच मापात, म्हणजे लांबीतला फरक नजरेला दिसावा. आणि सकाळच्या चिठ्ठीवरचं वाक्य. अक्षर २८ पॉइंटच्या खाली नाही. बाकीच्या जुन्या स्लाइड फेकल्या नाहीत. त्यांची छापील पुस्तिका करून बैठकीच्या दोन दिवस आधी पाठवायची ठरली. वाचायचा कागद आणि दाखवायची स्लाइड ही दोन वेगळी कामं आहेत. एकाच पानाकडून दोन्ही करून घ्यायला गेलं की ते वाचताही येत नाही आणि पाहतानाही डोळे थकतात.

वीस मिनिटांच्या वेळेत तयारी बारा मिनिटांची. सावकाश मराठी बोलणं मी मिनिटाला १२० शब्द धरतो, म्हणजे तीन मिनिटांच्या गोष्टीला ३६० शब्द, एक फुलस्केप पान भरून. उरलेली आठ मिनिटं प्रश्नांना. कारण मंडळात निर्णय प्रश्नोत्तरांत होतो. पाठ फक्त पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक. पूर्ण भाषण पाठ केलेला माणूस पहिल्या प्रश्नाने अडखळला की पुन्हा रुळावर येत नाही. गोष्ट चालू असताना कीबोर्डवरचं बी दाबायचं, पडदा काळा होतो आणि डोळे बोलणाऱ्यावर येतात. पुन्हा दाबलं की स्लाइड परत.

सरावात तीन चुका पुन्हा पुन्हा झाल्या. पहिली, ‘आज मी तुम्हाला एक गोष्ट सांगणार आहे’ ही सुरुवात. ती ऐकणाऱ्याला सैल करते. थेट ‘सकाळचे साडेपाच’ म्हणावं. दुसरी, विशेषणं. ‘अत्यंत गंभीर’, ‘दुर्दैवी’. वेळा नीट सांगितल्या तर गांभीर्य ऐकणारा स्वतः घालतो. तिसरी, दार्ष्टांतिकाच्या आधी थांबा नसणं. ‘दहा पस्तीस’ म्हटल्यावर मनात तीन आकडे मोजायचे आणि मगच म्हणायचं, ‘या पाच तासांतले दोन तास आपल्याला विकत घेता येतात, त्यासाठी हे नऊ कूलर.’ संकलनप्रमुखांना हा थांबा चार वेळा जमला नाही. पाचव्यांदा जमला, तेव्हा हिशेबवाले म्हणाले, “आता मला खर्चाचा आकडा कमी वाटायला लागला.”

रडणाऱ्या उत्पादकाचं काय करायचं, हा प्रश्न त्यांनी शेवटी विचारला. तो प्रसंग त्यांना मनापासून लागलेला होता. मी म्हटलं, त्या माणसाकडे जा, त्याला विचारा. तो हो म्हणाला तर त्याच्याच शब्दांत सांगा, नाही म्हणाला तर सोडून द्या. कोणाचं दुःख त्याच्या परवानगीशिवाय पडद्यावर आणायचं नाही, हेतू कितीही योग्य असला तरी. ते दोन दिवसांनी गेले. तो नको म्हणाला. त्यांनी तो प्रसंग घेतला नाही.

बैठकीनंतर त्यांचा फोन आला. नवव्या मिनिटाला अध्यक्षांनी थांबवून विचारलं होतं, “दूध साडेपाचला निघतं, हे आपण कधी धरलंच नव्हतं का?” त्यानंतर स्लाइड पुढे गेल्याच नाहीत, चर्चाच झाली. नऊ कूलर मिळाले नाहीत. एका रूटवर तीन मंजूर झाले, पावसाळ्यापर्यंतचे मिथिलिन ब्लूचे आकडे पाहून उरलेले सहा ठरवायचे. आणि शीतकरण केंद्राच्या नोंदवहीत त्या आठवड्यापासून एक नवा रकाना आला: धार काढल्याची वेळ.