तिथी पाहून पाखरं पाहावीत

कार्तिक वद्य चतुर्थी, अक्षी

आज पूर्ण भरती दुपारी तीनच्या सुमारास. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीचे चार, चाराची पाऊणपट तीन. पूर्ण ओहोटी त्याच्या सहा-सव्वासहा तास आधी आणि तेवढ्याच वेळाने नंतर. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब एकच. किनाऱ्यावरचे मच्छीमार तो बोलता बोलता करतात. पक्षी पाहणाऱ्या प्रत्येकाने दुर्बीण घेण्याआधी तो शिकावा, असं मला मनापासून वाटतं. मिनिटांपर्यंत वेळ हवी असेल तर छापील कोष्टक आहेच. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा लागते, तेवढं मनात धरायचं.

हे एवढं महत्त्वाचं का, ते अलिबागजवळच्या या किनाऱ्यावर लगेच कळतं. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, पाणी खूप आत जातं. ओल्या वाळूचा आणि चिखलाचा मोठा पट्टा उघडा पडतो आणि पक्षी पाण्याच्या कडेला दूरवर पांगतात. उन्हाने हवा लहरायला लागली की वीस ते साठ पटींच्या स्कोपमधूनही (तिपाईवरची मोठी दुर्बीण) फक्त हलणारे ठिपके दिसतात. पाणी चढायला लागलं की उघडा पट्टा आक्रसतो आणि तेच पक्षी पायापायाने आपल्याकडे येतात. म्हणून पूर्ण भरतीच्या दोन-अडीच तास आधी पोहोचायचं, वाळूत खाली बसायचं आणि हलायचं नाही. पक्ष्यांच्या मागे चालत गेलात तर थवा उठतो, लांब जाऊन बसतो, आपण पुन्हा चालतो, तो पुन्हा उठतो. प्रत्येक उड्डाणाला चरबी जळते, आणि पुढच्या प्रवासासाठी त्यांना तीच साठवायची असते. बसून राहिलात तर चिखल्यांसारखे (प्लोव्हर) लहान किनारी पक्षी दहा-पंधरा पावलांवर येऊन चरतात.

दुसरी गोष्ट उन्हाची. कोकणात समुद्र पश्चिमेला, त्यामुळे सकाळी ऊन पाठीशी असतं आणि तीननंतर डोळ्यांत. आजच्यासारख्या तिथीला दुपारभर नुसत्या काळ्या आकृत्या पाहाव्या लागतात. दशमी ते द्वादशीला भरती साडेसात ते नऊच्या दरम्यान येते, ऊन उत्तम असतं. पण भांगाची, म्हणजे अष्टमीच्या आसपासची कमी चढणारी, भरती नुकतीच होऊन गेलेली असते, पाणी फारसं चढत नाही आणि पक्षी लांबच राहतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी भरपूर चढतं, पण सव्वाअकरा-बाराला, डोक्यावर ऊन घेऊन. मधली सोय म्हणजे त्रयोदशी आणि चतुर्दशी. पावणेदहा-साडेदहाची भरती, पाण्याला जोर, ऊन अजून पाठीशी.

आज आकाशाकडेही लक्ष ठेवायला हवं. अमूर ससाणे याच दिवसांत आपल्यावरून जातात. जेमतेम दीडशे ग्रॅमचा हा पक्षी ईशान्य भारतात वाळवी आणि इतर किडे खाऊन अंगावर चरबी चढवतो आणि मग अरबी समुद्र न थांबता ओलांडून सोमालिया गाठतो. विजेच्या तारांवर बसलेला लहानसा ससाणा नोव्हेंबरात दिसला, तर त्याच्या पायांचा रंग बघा. नारिंगी-लाल असेल तर नीट थांबून पाहावं.

मार्गशीर्ष शुद्ध त्रयोदशी, अक्षी

भरती पावणेदहाला. आज मन चोचींवरच ठेवायचं.

कर्ल्यू इथल्या किनारी पक्ष्यांत सगळ्यात मोठा, चोच खाली वाकलेली. मादीची चोच नरापेक्षा लांब, पंधरा सेंटीमीटर किंवा त्याहूनही जास्त. ती वाळूत मुळापर्यंत जाते. आत काही दिसत नाही, पण टोकाशी दाब आणि कंप ओळखणारी मज्जातंतूंची टोकं दाटीने असतात. शिवाय बाकीची चोच मिटलेली ठेवून वरच्या चोचीचं फक्त टोक उचलता येतं. म्हणजे घट्ट वाळूतही किडा चिमटीत धरता येतो, अख्खी चोच उघडावी लागत नाही. खेकडा हाती लागला की कर्ल्यू तो झटके देऊन आपटतो, पाय निखळून पडतात आणि मग धड गिळतो. त्याच्याच आकाराशी मिळताजुळता व्हिंब्रेल थोडा लहान, चोच आखूड आणि माथ्यावर गडद पट्टे. दोघे जवळजवळ उभे असले की शंका राहत नाही. एकटा असेल तर माथाच पाहायचा.

ऑयस्टरकॅचरची लाल-नारिंगी चोच दुरूनही ओळखू येते. पण तिच्या टोकाकडे बघायला हवं. शिंपल्यावर घाव घालून फोडणाऱ्या पक्ष्याचं टोक बोथट असतं. शिंपल्याच्या फटीत चोच घालून आतला स्नायू कापणाऱ्याचं टोक चपटं, पात्यासारखं. चिखलातले किडे वेचणाऱ्याचं टोकदार. जात एकच, खाण्याची रीत वेगळी. ही चोच दिवसाला सुमारे 0.4 मिलिमीटर वाढते आणि वापराने झिजते, त्यामुळे अन्न बदललं की काही आठवड्यांत टोकाचा आकारही बदलतो. इतकी नेमकी गोष्ट उघड्या किनाऱ्यावर स्कोपमधून दिसते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

लाटेच्या पुढेमागे धावणारे पांढुरके, लहान पक्षी म्हणजे सँडरलिंग. त्यांच्या पायाला मागचं बोटच नसतं. त्यांच्या बाकीच्या जातभाईंना, म्हणजे तुतवारांना (सँडपायपर), ते असतं. ओल्या वाळूतल्या ठशांवरूनही हा फरक समजतो.

चिखल्यांची चोच आखूड, डोळे मोठे. ते टोचून शोधत नाहीत, बघून पकडतात. चार पावलं धाव, थांब, टोच, पुन्हा धाव. मोठ्या डोळ्यांमुळे रात्रीही चरता येतं, कारण ओहोटी रात्रीचीही असते. छोटा आणि मोठा वाळू-चिखल्या ओळखताना सगळ्यांचा गोंधळ होतो. आकारावर जाऊ नका, शेजारी दुसरा नसेल तर आकार फसवतो. चोचीची लांबी आणि चोचीच्या मुळापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर यांची तुलना करा. चोच त्या अंतराहून लांब आणि जड असेल तर मोठा, आखूड असेल तर छोटा. पक्षी अगदी आडवा उभा असेल तेव्हाच हे माप धरावं. तिरका उभा राहिला की चोच आखूड भासते आणि वहीत चुकीचं नाव जातं.

क्रॅब प्लोव्हर दिसला तर दिवस सोन्याचा. काळापांढरा, उंच पायांचा, जाड काळ्या चोचीचा. किनारी पक्ष्यांमध्ये वाळूत बीळ खणून घरटं करणारा हा एकटाच. बिळात एकच पांढरं अंडं घालतो आणि उन्हाने तापलेली वाळू ते उबवायला मदत करते. आखाती आणि आफ्रिकी किनाऱ्यांवर वीण होते. मोठी झालेली पिल्लं हिवाळी मुक्कामातही आईबापांकडे अन्न मागताना दिसतात.

भरती पूर्ण झाल्यावर कुरव (गल) आणि सुरय (टर्न) कोरड्या वाळूवर एकत्र बसतात. हिवाळ्यात तपकिरी डोक्याच्या आणि काळ्या डोक्याच्या, दोन्ही कुरवांचं डोकं पांढरंच असतं, कानामागे एक गडद ठिपका. नावाने फसू नका, पंख उघडायची वाट पाहा. पंखाच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके असतील तर तपकिरी डोक्याचा. पंखाची पुढची कडा सलग पांढरी असेल तर काळ्या डोक्याचा. तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटच्या उंचावरच्या तळ्यांकाठी पिल्लं वाढवतात आणि हिवाळ्याला आपल्या खाडीवर उतरतात.

एक कामाचं: परतल्यावर दुर्बिणीच्या काचा कोरड्या कापडाने पुसू नयेत. खारं पाणी सुकलं की मिठाचे कण आणि वाळू काचेवरचा लेप खरवडतात. आधी फुंकणीने वाळू उडवायची, मग गोड्या पाण्यात पिळलेल्या मऊ कापडाने टिपायचं, शेवटी कोरडं कापड. किनाऱ्यासाठी 8×42 ची (आठ पट, पुढची काच 42 मिलिमीटरची) दुर्बीण पुरते. जास्त पटींची घेतली तर वाऱ्यात हात स्थिर राहत नाही.

माघ शुद्ध पंचमी, मुरूडकडे

समुद्र गरुडाचं घरटं उंच झाडावर, काटक्यांचा मोठा ढीग. तेच घरटं वर्षानुवर्षं वापरतो आणि दर हंगामाला भर घालतो. बुंध्याशी माशांच्या हाडांबरोबर समुद्री सापांचे अवशेष मिळाले तर घरटं त्याचंच. खाली गर्दी केली की मोठे पक्षी उठतात आणि कावळ्यांना अंडी-पिल्लं मोकळी सापडतात. लांबूनच पाहावं.

त्याच खाडीवर ऑस्प्रे हा मासे पकडणारा शिकारी पक्षी असतो. त्याचं बाहेरचं बोट मागे वळतं, त्यामुळे दोन पुढे आणि दोन मागे अशी पकड बसते. तळव्यावर काटेरी खवले. मासा नेताना तो त्याचं तोंड पुढे करून धरतो, म्हणजे वाऱ्याला अडथळा कमी होतो.

चैत्र शुद्ध एकादशी, आंजर्ले

भरती सव्वाआठला. वाळू-चिखल्यांच्या छातीवर तांबूस पट्टा उतरलाय, बाकदार चोचीचे तुतवार विटकरी झालेत. निघायची वेळ आली. या दिवसांत ते जवळपास सतत खातात. मोठ्या पल्ल्याच्या काही जातींमध्ये वजन दुपटीजवळ जातं आणि उड्डाणाआधी आतडी-जठर लहान होतात, म्हणजे बिनकामाचं ओझं कमी. बार-टेल्ड गॉडविट या लांब चोचीच्या किनारी पक्ष्याच्या एका पिल्लाने 2022 मध्ये अलास्काहून टास्मानियापर्यंत 13,560 किलोमीटर, 11 दिवस, कुठेही न उतरता उड्डाण केलं. पाठीवरच्या उपग्रह-यंत्रामुळे ते मोजता आलं. आपल्याकडे येणारे गॉडविट त्या टोळीतले नव्हेत, ते सायबेरियाकडचे.

म्हणून एप्रिलमध्ये किनाऱ्यावर गाड्या पळवणं, थव्यावर कुत्रे सोडणं मला अजिबात सहन होत नाही. आत्ता बुडालेलं तासाभराचं खाणं पुढे भरून काढायला त्यांच्याकडे वेळ नसतो.

सगळे जात नाहीत. गेल्या वर्षीची पिल्लं बऱ्याचदा इथेच राहतात. मे-जूनमध्ये फिकट चिखल्या दिसला तर तो आजारी समजू नये.

ज्येष्ठ शुद्ध द्वितीया, कर्नाळा

मृगाचा पाऊस आणि तिबोटी खंड्या, दोघे बरोबरच येतात. रायगड जिल्ह्याचा हा जिल्हापक्षी. चोचीसकट जेमतेम तेरा-चौदा सेंटीमीटर, वजन पंधरा-वीस ग्रॅम, पायाला तीनच बोटं. ओढ्याकाठच्या उभ्या मातीच्या दरडीत चोचीने बोगदा खणतो. नर-मादी दोघं अंडी उबवतात. सुमारे सतरा दिवसांनी पिल्लं निघतात आणि आणखी वीसेक दिवसांनी बाहेर पडतात. खंड्या असला तरी पिल्लांना मासे क्वचितच. सापसुरळ्या, पाली, बेडूक, खेकडे, कोळी. सापसुरळी फांदीवर आपटून मऊ करतो आणि डोकं पुढे करून पिल्लाच्या तोंडात देतो, म्हणजे खवले घशात अडत नाहीत.

अतिपावसाने दरड कोसळली तर घरटं जातं. त्यावर इलाज नाही. पण दुसरं नुकसान माणसं करतात. फोटोत आडवी येणारी वेल छाटली की बिळाचं तोंड साप-घोरपडीला उघडं पडतं. दरडीच्या माथ्यावर उभं राहिलं की ओली माती खचते. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवला की नर चारा टाकून हद्द राखायला धावतो. घरट्याची जागा कुणालाही सांगू नये, फोटो टाकायचाच तर पिल्लं उडून गेल्यावर.

ते रात्री प्रवास करतात आणि जूनमध्ये घराच्या, इमारतींच्या काचांवर आदळतात. अंगणात बधिर पडलेला सापडला तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात जुनं सुती कापड घालून अंधारात ठेवायचा. तासा-दोन तासांत तो बऱ्याचदा सावरतो. उजाडल्यावर जवळच्या झाडीत खोकं उघडायचं. रात्री सोडू नये, पुन्हा दिव्याकडे जातो.

आषाढ वद्य अष्टमी, वेंगुर्ला

भरती सहाला, भांगाची, पण वारा एवढा की समुद्राला तिथी कळत नाही. वादळाने खोल समुद्रातले पक्षी किनाऱ्यावर येऊन पडतात: मास्क्ड बूबी, काजळी सुरय, क्वचित फ्रिगेट. ते बहुधा उपाशी आणि थकलेले असतात. पुन्हा पाण्यात ढकलला तर बुडतो. वरून टॉवेल टाकून, पंख अंगाशी मिटवून उचलायचा. बूबीची चोच हातभर लांब ठेवावी, तो डोळ्यांवर नेम धरतो. पण चोच बांधायची नाही. बूबीच्या बाहेरच्या नाकपुड्या बंद असतात, तो तोंडाने श्वास घेतो, चोच चिकटपट्टीने बांधली तर गुदमरून मरतो.

तोंडात पाणी ओतायचं नाही, श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, पाणी फुप्फुसात जातं. मासा कोंबायचा नाही. साबणाने धुवायचं नाही, पिसांवरचं तेल जातं आणि पक्षी भिजतो. चोचीच्या टोकावरून थेंब पडत असतील आणि तो डोकं झटकत असेल, तर ती सर्दी नव्हे. डोळ्यांवरच्या ग्रंथी रक्तातलं जास्तीचं मीठ बाहेर काढतात, तेच ते खारं पाणी. खोकं सावलीत, शांत जागी ठेवायचं आणि वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवायचं. सापडल्याची जागा, वेळ आणि वाऱ्याची दिशा कागदावर लिहून खोक्याबरोबर द्यावी.