सुट्टी संपायच्या १५ दिवस आधी

आठवीतून नववीत गेलो त्या पहिल्या दिवशी मी वर्गात झोपलो होतो. म्हणजे पेंगलो वगैरे नाही, चक्क झोपलो. पहिल्याच तासाला. सरांनी माझं नाव दोनदा घेतलं, तिसऱ्यांदा शेजारच्याने कोपर मारलं आणि मी दचकून उभा राहत "हजर!" म्हणालो. हजेरी केव्हाच संपली होती. पुढचा महिनाभर वर्गात माझं नाव 'हजर' होतं.

त्यामुळे दहावीला जाताना ठरवलं, सुट्टीतून शाळेत जायचंय तर नीट तयारीने जायचं. तयारी म्हणजे अभ्यास नव्हे. आधी झोप.

सुट्टीत माझी घडी पार विस्कटली होती. रात्री अडीच-तीनला झोपायचं, सकाळी ११ ला उठायचं. शाळेसाठी मात्र ६ ला उठायला हवं. मागच्या वर्षी मी आदल्या रात्री १० वाजताच अंथरुणावर जाऊन पडलो होतो. दोन वाजेपर्यंत छत बघत होतो. या वेळीही पहिले तीन दिवस तोच मूर्खपणा केला. लवकर पडायचो, झोप यायची नाही, मग वैतागून मोबाइल हातात.

ताई नर्सिंग करते. तिने माझी ही धडपड पाहिली आणि म्हणाली, "अरे, तू उलट्या टोकाने ओढतोयस. झोपायची वेळ तुझ्या हातात नाही, उठायची आहे." मग तिने सांगितलं की झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन आमच्या वयात लहान मुलांपेक्षा आणि मोठ्यांपेक्षाही रात्री उशिरा स्रवायला लागतं. म्हणजे उशिरा झोप येणं हा निव्वळ आळस नाही. (हे वाक्य मी तिला आईसमोर पुन्हा म्हणायला लावलं. आई म्हणाली, "आणि भांडी न उचलणं? त्याचंही काही स्रवतं का?") आणि १३ ते १८ वयाला रोज ८ ते १० तास झोप लागते. मी गणित केलं. ६ ला उठायचं तर उशिरात उशिरा १० ला झोप लागलेली हवी.

मग साधा हिशोब. ११ पासून ६ पर्यंत ३०० मिनिटं. दिवस उरले होते १५. रोज २० मिनिटं आधी उठायचं. झोप कधी का लागेना, गजर झाला की उठायचं आणि लगेच बाहेर उजेडात जायचं, कारण सकाळच्या उजेडाने शरीराची झोपायची-उठायची वेळ अलीकडे सरकते. दुपारी डोळा लावायचा नाही. मोबाइल रात्री बाहेरच्या खोलीत. हा शेवटचा नियम सगळ्यात जड गेला, पण गजर त्यातच असल्यामुळे बंद करायला उठून चालत जावं लागायचं, हा फायदा.

सरळ झालं नाही. सहाव्या दिवशी गजर बंद करून सोफ्यावरच आडवा झालो आणि थेट बाराला उठलो. त्या रात्री पुन्हा तीन वाजले. दोन दिवस वाया गेले. पुढे २० ऐवजी रोज २५-३० मिनिटं सरकवावी लागली.

लवकर उठून करायचं काय, हा प्रश्न होताच. म्हणून नववीची गणिताची वही काढली. मधलं पद फोडून अवयव पाडायचे होते : गुणाकार १२, बेरीज ७. समोर माझंच अक्षर, माझ्याच हातचं बरोबर उत्तर, आणि हे कुणी लिहिलं असावं असं वाटत होतं. घाम फुटला. पण पहिली दोन उदाहरणं रडतखडत सोडवल्यावर तिसऱ्याला ३ आणि ४ आपोआप दिसले. वर्षभरापूर्वी तो धडा डोक्यात शिरायला आठवडा लागला होता, आता तासाभरात परत आला. नंतर वाचनात आलं की हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने हेच स्वतःवर मोजून १८८५ मध्ये छापलं होतं. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे, विसरू द्यायचे, पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते बघायचं. जो वेळ वाचला तेवढं डोक्यात शिल्लक होतं. आठवत नाही म्हणजे गेलं असं नसतं, हे मला त्या सकाळी फार धीर देऊन गेलं.

हाताचं मात्र अजिबात लक्षात आलं नव्हतं. दोन महिने फक्त अंगठे चालवले होते. दीड पान लिहिलं आणि मधल्या बोटाला पेनाचा खळगा पडून ठणका लागला. मग रोज एक पान, काहीही. बुटांचंही तेच. शाळेच्या दोन दिवस आधी सहज घालून पाहिले तर अंगठा पुढे टेकून वाकला होता. नवे आणले ते संध्याकाळी घरातच घालून फिरलो. टाचेला फोड आलाच, पण पहिल्या दिवशी लंगडावं लागलं नाही.

पहिल्या दिवशी ६ ला जाग होती. सगळं जमलं होतं, आणि फलकावरची यादी बघितली तर तुकड्या बदललेल्या. माझा जिवलग दुसऱ्या तुकडीत. याची कसलीच तयारी मी केली नव्हती. पाचवीपासून आम्ही एका बाकावर. वर्गात शिरलो तेव्हा बसायला जागा शोधावी लागते ही गोष्टच मला नवी होती. मधल्या रांगेत एक नवीन मुलगा एकटा बसला होता, दप्तर मांडीवर घट्ट धरून. मी विचारलं, "इथे कुणी आहे का?" त्याने नुसती मान हलवली. मधल्या सुट्टीपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो ते एवढंच. मधल्या सुट्टीत मी दुसऱ्या तुकडीकडे धावलो. जिवलग दारातच भेटला, तोही इकडेच निघाला होता.

दुसऱ्या सोमवारी पहिल्या तासाला सर फळ्यावर लिहीत होते. शेजारच्या नव्या मुलाची मान हळूहळू वहीकडे झुकत चालली होती, पेनाची रेघ समास ओलांडून तिरकी गेली होती. सर वळायच्या आत मी कोपर मारलं.