आमची वाटचाल : एकही ईएलसीबी डायरेक्ट केला नाही

1991 साली सांगलीत, खणभागातल्या एका बोळात दहा बाय आठच्या गाळ्यात आम्ही दोघांनी वायरिंगच्या कामाचं दुकान टाकलं. मी आयटीआयचा वायरमन ट्रेड करून आलेलो. अण्णा माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, परवाना त्यांच्या नावावर. भांडवल म्हणजे दोन पकडी, टेस्ट लॅम्प, शिडी, माझी सायकल आणि अण्णांचा मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र.

मेगर हातानं फिरवायचा, 500 व्होल्टचा, काळ्या बेकलाइटच्या पेटीतला. दांडी मिनिटाला 160 फेऱ्यांच्या बेतानं फिरवली की आतला क्लच घसरायला लागतो आणि काटा एका जागी थांबतो. त्या थांबलेल्या काट्यावर अण्णांचा सगळा विश्वास. घराचं काम संपलं की दिवे, पंखे, टीव्ही सगळं काढून फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असं तीनदा बघायचं. काटा 1 मेगाओहमच्या खाली आला तर मालक दारात पेढे घेऊन उभा असला तरी लाइन चालू करायची नाही. आजही आमच्या पोरांना डिजिटल मीटर दिलेत, पण नियम तोच.

पहिली पंधरा-सोळा वर्षं कामात गेली. सागवानी पट्टीवरचं वायरिंग जाऊन केसिंग आलं, मग झिरी मारून भिंतीत पाइप. किटकॅट फ्यूज गेले, एमसीबी आले, म्हणजे करंट प्रमाणाबाहेर गेला की आपोआप पडणारे खटके.

मग 2007 उजाडलं. लोडशेडिंगचे दिवस, घरोघरी इन्व्हर्टर बसत होते. विश्रामबागेतल्या एका बंगल्याचं काम आम्ही आदल्या वर्षी केलं होतं. लाइटला दीड चौरस मिलिमीटरची वायर, प्लगला अडीचची, गीझरला चारची. डीबीत, म्हणजे घरातल्या खटक्यांच्या पेटीत, 30 मिलीअँपिअरचा ईएलसीबी. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट यांत तेवढा फरक पडला की लाइन तोडणारा खटका. (आता त्याच्यावर आरसीसीबी छापलेलं असतं, आमच्या तोंडी जुनंच नाव बसलंय.) मालकांना तो नको होता, एमसीबी आहेत ना, म्हणाले. अण्णांनी समजावलं, "साहेब, एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. माणसाचा जीव जाईल एवढा करंट अंगातून गेला तरी सोळा अँपिअरच्या एमसीबीला त्याची खबर नसते." बसवला.

वर्षभरानं त्यांनी दुसऱ्याकडून इन्व्हर्टर बसवून घेतला आणि त्या दिवसापासून ईएलसीबी पडायला लागला. ट्यूब लावली की खटका खाली. आम्हाला बोलावणं यायच्या आधी आमच्याच धंद्यातला एकजण तिथं पोचला. नाव लिहीत नाही. त्यानं दहा मिनिटांत ईएलसीबीच्या वरून खाली वायरचे तुकडे मारून तो डायरेक्ट केला, म्हणजे असून नसल्यासारखा, आणि "बिल वाढवायला नको ते खोकं बसवलंय यांनी" असं सांगून गेला. मालकांचं चार ठिकाणी उठणं-बसणं. महिन्याभरात ते वाक्य आम्हाला पाच वेगवेगळ्या तोंडांतून ऐकायला मिळालं. ज्या बिल्डरकडे दोन इमारती ठरल्या होत्या, त्यानं "पुढे बघू" म्हणून फोन घेणं बंद केलं, आणि त्या दोन्ही इमारती त्याच माणसाला मिळाल्या. होलसेलवाल्यानं उधारी थांबवली. चारपैकी तीन पोरं सोडून गेली, त्यांचा दोष नव्हता, पगारच देता येत नव्हता. अण्णा पन्नाशीत कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात रात्रपाळीला मेंटेनन्सला जाऊ लागले आणि सकाळी येऊन दुकान उघडायचे. अकरा महिने हे चाललं.

त्या अकरा महिन्यांत एक गिऱ्हाईक टिकलं. आमच्या बोळाच्या तोंडाशी राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. दुकानात येऊन म्हणाल्या, "ते खोकं माझ्याकडे बसवा. मला नातवंडं आहेत." बसवलं, आणि दैव बघा, त्यांच्याकडेही पडायला लागलं! तेही कधी? सगळे एमसीबी खाली पाडले तरी, आणि बहुतेक दिवेलागणीला. बाई शांतपणे म्हणाल्या, "शोधा तुम्ही. मी कंदील लावते."

दोन दिवस लागले. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. म्हणजे सगळे एमसीबी पाडूनही ईएलसीबी पडत असेल, तर घरात कुठंतरी न्यूट्रल अर्थला लागलाय. संध्याकाळी गल्लीतला लोड वाढतो, न्यूट्रलवर थोडं व्होल्टेज चढतं आणि त्या वाटेनं करंट जमिनीत उतरतो. मग न्यूट्रल लिंकवरून, म्हणजे सगळे न्यूट्रल जिथं जोडलेले असतात त्या पट्टीवरून, एकेक न्यूट्रल सोडवायचा, मेगर लावायचा, पुढचा सोडवायचा. सातव्या वायरीला काटा शून्यावर. माजघरातल्या बोर्डमागं, आमच्याही आधीच्या कुणीतरी न्यूट्रल आणि अर्थ एकाच स्क्रूखाली दाबले होते. तुमच्याकडचा वायरमन न्यूट्रल न सोडवताच "ईएलसीबी खराब आहे" म्हणाला, तर त्याला चहा द्या आणि दुसरा बोलवा.

बाईंनी ही हकिकत शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांना सांगितली. त्यातून तीन घरं मिळाली, त्या तीनांतून पुढची. दुकान त्यावर उभं राहिलं.

विश्रामबागेतून फोन आला 2011 साली. मालकांच्या सुनेचा. गीझर चालू असताना नळाला हात लावला की झिणझिण्या येत होत्या, आणि त्या दिवशी सासूबाई झटक्यानं न्हाणीत पडल्या होत्या. थोडक्यात निभावलं. मी डीबी उघडला. खटका वर, दिसायला सगळं ठीक, आणि बाजूनं ते दोन तुकडे तसेच. इन्व्हर्टरचा फेज ईएलसीबीच्या आधी, मेन स्विचवरून घेतलेला, न्यूट्रल मात्र नंतरच्या लिंकवर. फेज बाहेरून जातोय आणि न्यूट्रल आतून परततोय, तर फरक दिसणारच. 30 मिलीअँपिअर म्हणजे 230 व्होल्टला सात वॉटसुद्धा नाहीत. एका ट्यूबला पडणारच होता तो. एक वायर सरकवायची होती. पाच मिनिटांचं काम, ज्यापायी आमचे अकरा महिने गेले. गीझरचं एलिमेंट फुटलेलं आणि प्लगमध्ये अर्थची वायर सुटलेली. तुकडे काढले आणि गीझर लावला, ईएलसीबी त्याच क्षणी पडला. मालक शेजारी उभे होते. बिल दिलं. चार जणांत जे बोलले होते ते परत घ्यायला मात्र ते कुठं गेले नाहीत. अण्णांना त्याचं शेवटपर्यंत वाईट वाटलं, मला अजून वाटतं.

2019च्या पुरात दुकानात पाणी शिरलं, माल गेला, पण तेव्हा अख्खं गाव बुडालं होतं, कुणी कुणाला बोट दाखवत नव्हतं. त्या महिन्यात आम्ही बुडालेले एमसीबी आणि ईएलसीबी एकही वाळवून परत बसवला नाही. वाळवलेला खटका वर जातो, वेळेवर खाली येईल याची खात्री नसते. लोकांना खर्च जड जात होता, म्हणून मजुरी सोडली, माल नवाच घातला.

आणि हे विचारलं नसलं तरी सांगतो. एमसीबी सारखा पडतो म्हणून सोळाच्या जागी बत्तीसचा घालू नका. अडीचची वायर आतल्या आत जळेल आणि एमसीबी बघत बसेल. सैल जोडानं बोर्ड काळा पडत असेल तर तोही एमसीबीला कळत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. वास आला की स्क्रू बघून घ्या. आणि ईएलसीबीवरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. मात्र ते अर्थिंग तपासत नाही, ते वेगळं मोजावं लागतं.

बाई दर महिन्याच्या एक तारखेला ते बटण दाबायच्या आणि डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं तारीख लिहायच्या. बाई गेल्या, अण्णाही गेले. परवा वरच्या मजल्याच्या रीवायरिंगचं माप घ्यायला गेलो आणि झाकण उघडलं. अक्षर आता नातीचं आहे. जागा संपली म्हणून तिनं कागद चिकटवलाय. डीबी बदलायचा ठरलाय, पण जुनं झाकण टाकू नका असं तिनं बजावलंय.